फॉस्टर आणि अडॉप्ट

लीलाताई आमच्या घरी आल्या होत्या त्या गाद्या सांगायला, मूल ठेवायला नाही. शिरूरच्या बाहेर एक संस्था होती, आईबाप नसलेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी. तिथे त्या कामाला होत्या. पाळण्यांसाठी छोट्या गाद्या भरून हव्या होत्या, आणि आम्ही पिंजारी. पुढच्या खोलीत अब्बांची कमान आढ्याला दोरीनं टांगलेली असे. तिच्या तातीवर, म्हणजे ताणून बांधलेल्या तारेवर, ते लाकडी ठोकळ्यानं ठोके द्यायला लागले की सगळं घर थरथरायचं, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची आणि कापूस धुक्यासारखा वर उठायचा. केसांत कापूस, पापण्यांवर कापूस, कालवणावर कापूस. अम्मा फुंकर मारत मारत भाकरी थापायची. त्या आवाजात बोलायचं म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे बोलायचं, नाहीतर ओरडायचं. मला दोन्ही जमत नसे. मी लहानपणापासून कमी बोलणारी, आणि त्या आवाजाच्या आडोशाला मी सुखी होते. कुणी काही विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवता यायचं.

त्या दिवशी लीलाताईंच्या खांद्यावर एक तान्ही मुलगी होती. संस्थेत ठेवून येण्यासारखी नव्हती, इतकी ती रडवी आणि अशक्त होती. बाटलीला तोंड लावत नव्हती. रडणंसुद्धा धड नाही, मांजराच्या पिलासारखं. अम्मा तेव्हा माझ्या धाकट्या भावाला, यासीनला, अंगावर पाजत बसली होती. तिनं दोनदा वळून त्या मुलीकडं पाहिलं. मग यासीनला ओढून काढलं, माझ्या मांडीवर टाकलं आणि लीलाताईंकडे हात पुढं केले. लीलाताई काही बोलायच्या आत ती मुलगी पदराआड गेली होती. यासीन माझ्या मांडीवर संतापून ओरडत होता आणि पदराआडून मात्र आवाज बंद झाला. समोर अब्बांची कमानही थांबली.

लीलाताई गेल्यावर अब्बा म्हणाले, "पाजायच्या आधी मला विचारायचं तरी."

"तिची भूक थांबली असती का तुमाला विचारंपर्यंत?" अम्मा म्हणाली.

"तसं न्हाई. ही साधी गोष्ट न्हाई. आता ती यासीनची बहीण झाली."

घरात आम्ही आमच्या मुसलमानी बोलीत बोलायचो. ती लिहायची कशी हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, म्हणून इथे सगळे मराठीतच बोलतात. अब्बा जे म्हणत होते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्यात बाईनं दुसऱ्याच्या मुलाला दूध पाजलं की ती त्याची दूधआई होते आणि तिची मुलं त्याची भावंडं होतात. नावापुरती नाही. सख्ख्या भावंडांसारखी. त्यांचं एकमेकांशी कधी लग्न होऊ शकत नाही. म्हणून कुणी कुणाला पाजलं हे लपवायचं नसतं, चार लोकांत सांगायचं असतं. पण त्याच वेळी दुसऱ्याचं मूल आपल्या नावावर करून घेणं आमच्यात चालत नाही. मूल वाढवावं, जेवू घालावं, लग्न करून द्यावं, पण बापाचं नाव ज्याचं त्याचंच राहावं. ही दोन टोकं एकाच घरात एकाच वेळी धरावी लागतील हे अब्बांना त्याच दिवशी दिसलं असावं. अम्माला दिसलं नाही. तिला फक्त ती मुलगी दिसत होती.

चारच दिवसांत लीलाताई परत आल्या. मुलीनं पुन्हा बाटली सोडली होती. त्या म्हणाल्या, "वहिनी, हिला काही दिवस तुमच्याकडं ठेवाल का? फॉस्टर म्हणून. कपडे, साबण, धान्य आम्ही पाठवू." हा शब्द मी असा ऐकला. गल्लीतल्या बायकांना तो फार आवडला. पलीकडची शेवंताकाकू तर अम्माला फॉस्टरबाईच म्हणायला लागली. "काय फॉस्टरबाई, आज दोनी वासरं एकदम सोडली का?" अम्मा हसायची. तिच्या लेखी फॉस्टर म्हणजे दूधआई, एवढंच. संस्थेच्या भाषेतही त्याला शब्द आहे म्हटल्यावर तिला ते आणखी पक्कं वाटलं.

मुलीचं नाव संस्थेनं सुमन ठेवलं होतं. मोहल्ल्यात कुणीतरी सुचवलं की आता मुसलमानी नाव ठेवा. अम्मा म्हणाली, "ती येताना एवढंच घेऊन आली हाय. ते कशाला काढायचं?" तेव्हा सुमन ती सुमनच राहिली. तिच्या येण्यानं माझी शाळा चौथीवर थांबली, कारण दोन तान्ही आणि एक अम्मा यांचा हिशोब जमेना. त्याचं मला फार वाईट वाटल्याचं आठवत नाही. शाळेत उभं राहून बोलावं लागे. घरी मी दोन झोळ्यांच्या मधे बसायची, एका दोरीला हात आणि दुसऱ्या दोरीला पायाचा अंगठा, आणि कमानीच्या ठोक्यावर दोन्ही झोळ्या हलायच्या. कमान वाजत असली की दोघंही झोपायची. अब्बा गावोगाव लग्नाच्या गाद्या भरायला गेले आणि घर गप्प झालं की दोघंही उठून रडायची.

माझी नात सानिया कॉलेजात शिकते. मध्यंतरी मी तिला विचारलं, हे दोन शब्द फोनमध्ये बघून सांग. फॉस्टर आणि अडॉप्ट. का, ते तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "दादी, दोन्हींचा अर्थ दुसऱ्याचं मूल सांभाळणं. पण पहिलं तात्पुरतं आणि दुसरं कायमचं." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, ते शब्द आले कुठून ते बघ. मग तिनं वाचलं की फॉस्टर हा फार जुना शब्द आहे आणि मुळात त्याचा अर्थ अन्न, पोसणं असा होता. आणि अडॉप्ट आला तो निवडण्यावरून. आपल्यासाठी निवडून घेणं. ती फोन ठेवून निघून गेली. मी बराच वेळ तिथेच बसले. एक शब्द खाऊ घालण्यातून निघालेला आणि एक निवडण्यातून. मग अम्मानं काय केलं होतं? तिनं पाजलं होतं, पण यासीनला मांडीवरून काढून हात पुढं केले तेव्हा निवडलंही होतंच की. आणि ज्या बाईनं पुढं सुमनला निवडलं तिनं तिला जेवू घातलं नसेल का? शब्द वेगळे असतात. बायकांना मात्र दोन्ही कामं करावी लागतात. पण हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा त्या दोन शब्दांच्या मधे आमचं घर चेंगरत होतं.

आमच्यात मूल दोन वर्षांचं झालं की दूध तोडतात आणि त्याची दूधबढाई करतात. म्हणजे मलिदा करायचा, शेजारीपाजारी वाटायचा, मुलाच्या हातावर खजूर ठेवायचा. अम्मानं यासीनची आणि सुमनची एकत्र केली. गव्हाच्या जाड पोळ्या हातानं कुस्करून त्यात गूळ आणि तूप, वर खसखस. सगळं घर गोड वासानं भरलं. अम्मा त्या दिवशी जितकी खूष होती तितकी मी तिला माझ्या लग्नातही पाहिली नाही. तिच्या मनात असं की पुरी मुदत पाजलं, एक दिवस चुकवला नाही, आता सुमनचं आणि आपलं नातं कुणी हलवू शकत नाही. तिनं एक मोठा डबा भरला, फडकं बांधलं आणि म्हणाली, "जैतून, संस्थेत देऊन ये. सांग, सुमनचं दूध पूर्ण झालं." मी गेले. मला तिथे बोलायची लाज वाटत होती, पण शिकवलेलं वाक्य म्हटलं. लीलाताईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि डबा आत नेला.

पुढच्याच आठवड्यात त्या घरी आल्या. गादीच्या खोळींच्या ढिगावर बसल्या. म्हणाल्या, "मलिदा फार छान झाला होता. सगळ्या मुलांनी खाल्ला." मग म्हणाल्या, "वहिनी, एक चांगली बातमी आहे. दौंडचं एक कुटुंब आहे. रेल्वेत नोकरी, मूलबाळ नाही. त्यांना अडॉप्ट करायचंय."

"कुणाला?" अम्मा म्हणाली.

"सुमनला."

अम्माला वाटलं लीलाताईंची काहीतरी चूक होते आहे. ती समजावल्यासारखी म्हणाली, "पर तिला आमी ठेवलीय ना. फॉस्टर."

"फॉस्टर म्हणजे मुलाला कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणं. अडॉप्ट म्हणजे त्यांचंच होणं. त्यांचं नाव, आडनाव, घरदार, सगळं तिचं. तुम्ही सांगून पाठवलंत ना, दूध पूर्ण झालं म्हणून? त्याचीच आम्ही वाट बघत होतो. अंगावरच्या मुलाला हलवता येत नाही. आता ती जेवते, आता नव्या घरी रुळेल."

अम्मानं माझ्याकडं पाहिलं. मी डबा नेला होता म्हणून नव्हे. तिला कुणाकडं तरी बघायचं होतं. "मलिदा मी त्याच्यासाठी पाठवला व्हय?" ती म्हणाली. "ती आता आमची झाली, म्हणून पाठवला मी."

लीलाताईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी खोळीची शिवण बोटांनी चाचपत सांगितलं की कायद्यानं तुमच्या लोकांना दत्तक घेता येत नाही, फार तर पालक म्हणून राहता येईल. आणि दौंडची माणसं शुक्रवारी येणार आहेत. त्या गेल्या तेव्हा सुमन त्यांच्या चपलांशी खेळत होती. एक चप्पल तिच्या हातातून काढून घ्यावी लागली.

अब्बा अम्माला दुखवून कधी बोलत नसत. त्या संध्याकाळीही त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "ती शाळेत जाईल, बापाचं नाव विचारतील. निकाहाच्या वेळी विचारतील. मी माझं लावू शकत न्हाई, तुला ठाऊक हाय. मग आपल्या घरात ती जन्मभर संस्थेचीच ऱ्हाणार. ते लोक तिला नाव देतायत."

"आन् मी काय दिलं?"

दुसऱ्या दिवशी अब्बांना कोरेगाव भीमाला लग्नघरी गाद्या भरायला जायचं होतं. शुक्रवारी सकाळी परत येतो, सुमनला आंघोळ घालून ठेव, असं सांगून ते गेले. अम्मानं मान हलवली. ती मान हलवणं मला आवडलं नाही. ती वाद घालायची तेव्हा काही होत नसे. गप्प झाली की काहीतरी करायची.

शुक्रवारी उजाडताच तिनं मला उठवलं. यासीन माझ्या कडेवर दिला, सुमनला स्वतः घेतलं, आणि शेवंताकाकूला फक्त "राहूला भावाकडं चाललेय" एवढं सांगून आम्ही एस.टी.त बसलो. अम्मा एकटी अशी कधी कुठं गेली नव्हती. कंडक्टर तिकिटं फाडत आला. दोन्ही मुलांकडं बघून म्हणाला, "जुळी का, मावशी?"

"व्हय, जुळी."

"एक उन्हात वाळवलं आन् एक सावलीत, व्हय?" मागची दोन माणसं हसली. यासीन गोरा, सुमन काळीसावळी. अम्मानं सुमनच्या तोंडावर पदर ओढला आणि केडगाव येईपर्यंत काढला नाही.

केडगावला उतरून मामूंच्या गावची, राहूची, गाडी धरायची होती. आणि तिथे उभं राहिल्यावर अम्माच्या लक्षात आलं की दौंडहून शिरूरला येणारी माणसंही इथूनच गाडी बदलणार. स्टेशनाच्या बाजूनं माणसं येत होती. प्रत्येक जोडपं मला तेच वाटत होतं. एका बाईच्या पिशवीतून लहान फ्रॉकची झालर बाहेर दिसली आणि मी यासीनला घट्ट धरलं. ती बाई आमच्या शेजारीच येऊन उभी राहिली. सुमनकडं बघून हसली. "नाव काय गं बाळाचं?" अम्मा म्हणाली, "फातिमा." सुमननं तोंड वर करून अम्माकडं पाहिलं, हे काय नवीन म्हणून. गाडी आली. ती बाई वेगळ्याच गाडीत चढली. पण मला त्या बाईपेक्षा त्या नावाचीच जास्त भीती वाटली. जे नाव तिनं दोन वर्षं कुणाला काढू दिलं नव्हतं ते तिनं स्वतःच काढलं होतं.

मामूंचं राहूत सायकलींचं दुकान होतं. आम्हाला दारात बघून आधी ते हसले, मग सगळं ऐकल्यावर हातातली पंक्चरची ट्यूब खाली ठेवून दार ओढून घेतलं. "आपा, तू काय केलंस हे? पोरगी पळवली म्हणतील. गावात मला तोंड दाखवायचंय."

"माझीच हाय ती. पळवली कशी?"

आतून मुमानी, मामूंची बायको, आली. तिची जीभ धारदार होती. "दूध पाजलं म्हणून पोर आपलं होत असतं तर अर्धं राहू गवळ्याच्या म्हशीचं झालं असतं." मामू म्हणाले, "तू गप ऱ्हा." पण मुमानीनंच आम्हाला भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं, आणि सुमनला वांगं आवडत नाही हे बघून तिच्यासाठी भातावर दूध घातलं. मामू दाराच्या फटीतून रस्ता बघत होते. कुणी सायकलची घंटी वाजवली तरी ते दचकायचे. अम्मा भिंतीला टेकून दोन्ही मुलांना मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याजवळ पुढचा काही बेत नव्हता. राहूपर्यंत येणं एवढाच बेत होता. ते कळलं आणि मला रडू फुटलं.

दुपारी संस्थेची जीप आली. अब्बा, लीलाताई आणि दौंडचे नवरा-बायको. शेवंताकाकूनं सांगितलं असणार. अब्बांच्या कपड्यांवर अजून कोरेगावचा कापूस होता. ते अम्माच्या शेजारी जाऊन बसले.

दौंडच्या बाईंचं नाव कमलबाई. मला वाटलं होतं ती येताच सुमनला उचलून घेईल. ती उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसली आणि हात स्वतःच्या मांडीत धरून ठेवले. ती आमच्याइतकीच घाबरलेली होती. तिचे मिस्टर उभेच होते, इस्त्रीचा शर्ट, घड्याळ.

अम्मानं त्यांनाच विचारलं. "पोरीला काय सांगणार तुमी?"

"काय सांगणार म्हणजे?"

"माझ्याबद्दल. ह्याच्याबद्दल." तिनं यासीनला पुढं केलं.

"काही नाही सांगणार. आम्ही क्वार्टर बदलून घेतलंय. नवीन जागी सगळ्यांना ती आमचीच. तिलाही तेच. उगीच पोरीच्या मनाला घोर कशाला?"

"म्हंजी मी न्हाईच?"

"तसं नाही बाई. तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

"उपकार नगत. मी हाय का न्हाई, एवढंच सांगा."

मग माझी अम्मा, जी परक्या पुरुषासमोर पदर खाली घेऊन बोलायची, सरळ त्यांच्याकडं बघून बोलली. "आमच्यात दुधाचं नातं सांगावं लागतं. दडवलं तर गुन्हा. ह्यो तिचा भाऊ हाय. उद्या कुठं समोरासमोर आली आन् एकमेकांला वळखली न्हाईत, तर त्याचा जाब मला द्यावा लागंल. लीलाताई, अडॉप्ट करू द्या त्यास्नी. मी तिला नाव देऊ शकत न्हाई, मला ठाऊक हाय. पर फॉस्टर पुसू नका."

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की अम्माला ते शब्द कळलेच नाहीत. तिला ते आम्हा सगळ्यांपेक्षा नीट कळले होते, पण आपल्या बाजूनं. तिच्या मते ते एकामागून एक येणारे शब्द नव्हते, की पहिला संपला की दुसरा सुरू. दुसरा आला तरी पहिला राहायचा.

कमलबाईंचे मिस्टर म्हणाले, "हे असं असेल तर राहू द्या. आपण दुसरं मूल बघू. चल, कमल." आणि बाहेर जीपकडं निघाले. लीलाताई त्यांच्यामागे धावल्या, परत आल्या, अब्बांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी समजवा."

अब्बा म्हणाले, "कायद्यानं पोर तुमच्या ताब्यात हाय, ताई. न्यायची तर आत्ता न्या, मी आडवा येनार न्हाई. पर ही खरं बोलतीय."

कमलबाई अजून खालीच बसली होती. बाहेरून हाक आली, "कमल!" ती उठली नाही. अम्माला म्हणाली, "मी सांगीन."

"त्ये न्हाई म्हणतात."

"मी म्हणतेय. त्यांच्या वतीनं नाही. माझ्या वतीनं सांगीन. पण कधी सांगायचं ते माझ्यावर सोडा. मला त्या घरात राहायचंय."

अम्मानं तिला नीट बघून घेतलं. मग ती म्हणाली, "सोडलं." आणि थोड्या वेळानं, "तिच्यासमोर मला नात्यानं काय ती हाक मारा एकदा. तिच्या कानावर पडू द्या."

कमलबाई म्हणाली, "आक्का."

मग अम्मा भराभर सांगायला लागली, जणू गाडी सुटते आहे. वांगं खात नाही. पोट बिघडलं तर ओव्याचं पाणी. झोपताना कान धरते, कान धरल्याशिवाय झोपत नाही, तुमचा धरू द्या. हे ऐकल्यावर कमलबाईंनी तिथल्या तिथे दोन्ही कानांतल्या कुड्या काढल्या आणि पिशवीत टाकल्या. ते बघून अम्मानं सुमनला उचललं आणि तिच्या हातात दिलं. मला आजही वाटतं, तिनं शब्दावर नाही दिलं. त्या उघड्या कानांवर दिलं. बाहेर मिस्टरांना लीलाताईंनी, आता काही अट नाही, एवढंच सांगितलं.

सुमन रडली नाही. तिला वाटलं जीपमधून फिरायला चाललोय. ती हसत बसली. रडला तो यासीन, मला पण जीप पाहिजे म्हणून, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही रस्त्यात लोळत राहिला. अम्मानं त्याला उचललं नाही. मी उचललं.

त्यानंतर अम्मा कधी दौंडला गेली नाही. रेल्वेनं जायचं असलं तरी दौंडला उतरायची नाही. कुणी मुलं किती विचारलं तर बोटं मोजताना एक बोट जास्त मोडायची. यासीनला तिनं सगळं सांगितलं होतं. त्याला ती आठवत नव्हती, पण दौंडकडच्या स्थळांची गोष्ट निघाली की तो चेष्टेत म्हणायचा, "आधी चौकशी करा, बहीण निघंल." अम्माला ती चेष्टा आवडत नसे. मी एकदा न राहवून विचारलं होतं की कमलबाईनं सांगितलं असेल का. ती म्हणाली, "मी तिच्यावर सोडलंय ना? मग विचारायचं कशाला?" पण रोज नमाज झाल्यावर ती जास्त वेळ बसायची, आणि मला माहीत होतं ती कशासाठी बसते.

मी लग्न होऊन गेले. अब्बांची कमान बंद पडून यंत्र आलं, मग अब्बाही गेले. एकदा मी माहेरी आले होते. दुपारची वेळ, अम्मा दारात गहू निवडत होती. दोन बायका आल्या. एक म्हातारी, कपाळ मोकळं. दुसरी तरुण, उंच, काळीसावळी, पायांत चांगल्या चपला. म्हातारीनं अम्माला हाक मारली, "आक्का."

अम्माच्या हातातलं सूप खाली गेलं.

कमलबाई म्हणाली, "ते असेपर्यंत मला सांगता आलं नाही. ते गेले. आता हिचं लग्न ठरलंय. तिला सांगितलं, मुलाकडच्यांनाही सांगितलं. वेळ झाला, पण सांगितलं."

सुमन उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. राग होता, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. ती अम्माला म्हणाली, "शिरूर ते दौंड काय लांब आहे? एवढी वर्षं तुम्ही एकदाही का नाही आलात?"

"सांगायचं काम मी हिच्याकडं दिलं होतं," अम्मा म्हणाली. "मी आले असते तर हिची जबान मोडली असती."

"आणि मी?"

अम्मा नुसती "बस" म्हणाली. सुमन बसली नाही. कमलबाई तिला काही सांगायला गेली, तिनं हात झटकला. मी भिंतीशी उभी होते. मला म्हणावंसं वाटत होतं की तुझ्या झोळीची दोरी मी ओढायची, पण मी खाली बसून सांडलेले गहू गोळा करायला लागले. मग सुमननं आमच्या घराच्या आत पाहिलं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, कुणाला तरी शोधत.

"यासीन कुठाय?" तिनं विचारलं.

"कामावर," अम्मा म्हणाली. "संध्याकाळी येतो."

"मग तोवर थांबते," ती म्हणाली, आणि चपला काढल्या.